तळपायाच्या तिळासाठी गेलो आणि नाकाजवळच्या चामखिळीचं निघालं, स्किन क्लिनिकचा अनुभव, 4 स्टार

क्लिनिकचं नाव टाकत नाहीये. खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये. पण तिथे काय काय झालं ते सगळं सांगते, म्हणजे तुम्ही तुमच्या गावातल्या स्किनवाल्याकडे घरच्या कुणाला घेऊन गेलात तर काय बघायचं ते कळेल. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

तर आमचे आप्पा. वय 71, कराडकडचे, 31 वर्षं एसटी चालवली, आता दोन एकर ऊस आणि एम80. दिवाळीनंतर आई-आप्पा दोघं महिनाभर पुण्याला आमच्याकडे राहायला आले, आप्पांना शुगर आहे आणि रात्री तळपायाची आग होते म्हणतात, म्हणून मी काशाची वाटी काढली. ज्यांनी केलंय त्यांना माहितीय, तेल लावून वाटी फिरवली की दहा मिनिटांत तळपाय काळाकुट्ट होतो आणि घरात सगळे खूश की बघा किती उष्णता निघाली. (ती उष्णता वगैरे काही नसते, काशाची आणि तेलाची राड असते, हे पण मला त्याच क्लिनिकमध्ये कळलं, पण आईला अजून सांगितलेलं नाही.) मग कोमट पाण्यात साबण लावून पाय धुतला, सगळं काळं गेलं, एक ठिपका गेला नाही. डाव्या तळपायावर, टाचेच्या जरा पुढे, खोलगट भागात. परत घासला. आप्पा म्हणाले आगं कातडं काढतीस का काय. तो तीळ होता.

आता तीळ म्हणजे काय मोठंसं, मला स्वतःला दोन्ही हातांवर मिळून पंधरा-वीस असतील. पायावर तीळ म्हणजे भटकंती असं आपल्यात म्हणतातच, आणि एसटीवाल्याच्या पायावर नाही तर कुणाच्या असणार. पण मी कधीतरी कुठेतरी वाचलं होतं की तळवा, तळपाय आणि नखाखाली नवीन तीळ आला तर दाखवून घ्यावा, आणि ते डोक्यात बसलेलं. म्हणून विचारलं, आप्पा हा कधीपासून आहे? आप्पा म्हणे कुठला तीळ, माझ्या पायाला तीळ न्हाईच. आई म्हणे लग्नापासून आहे ह्यांना. आता सांगा! स्वतःचा तळपाय कोण बघतं, आणि आईने तेव्हा बघितलेला तीळ हाच की दुसरा हे कोण ठरवणार, फोटो तर कुणीच काढून ठेवत नाही तळपायाचे.

त्या रात्री झोप नाही. नवऱ्याने मदत म्हणून सांगितलं की तो गायक बॉब मार्ले, त्याचं असंच झालं होतं, तिळासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर. थँक्यू. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होतं त्याला, 1977 साली कळलं, आधी वाटलं फुटबॉल खेळताना लागलंय, आणि 1981 च्या मे महिन्यात गेला, 36 वर्षांचा होता. मग मी मुलाच्या कंपासमधली पट्टी घेऊन आप्पा झोपलेले असताना मोबाईलच्या टॉर्चमध्ये तीळ मोजला. 4 मिलिमीटर. इंटरनेटवर सगळीकडे तेच ते लिहिलंय, तिळाचे दोन अर्धे सारखे नसले, कडा फाटक्या-तुटक्या असल्या, एकाच तिळात दोन-तीन रंग असले, 6 मिलिमीटरपेक्षा म्हणजे पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा मोठा असला, किंवा बदलत असला तर दाखवा. आणि आमचा तीळ जितका वेळ बघावा तितका मला वाकडा दिसायला लागला, रात्री दोन वाजता टॉर्चमध्ये कुठलाही तीळ वाकडाच दिसतो.

पुढचे दहा-बारा दिवस मी जे उद्योग केले ते पण सांगते, कारण तुम्ही पण करणार आहात.

पहिलं, ॲप. फोटो काढा, ॲप सांगतं रिस्क आहे का. आप्पांच्या तिळाला पहिल्या फोटोत लो, दुसऱ्यात हाय, तिसऱ्यात 'फोटो नीट नाही'. मग मी गंमत म्हणून काशाच्या वाटीवरच्या डागाचा फोटो टाकला, त्याला मीडियम आलं. डॉक्टर मॅडमना नंतर विचारलं तर म्हणाल्या की असल्या ॲपांना शिकवायला वापरलेले बरेचसे फोटो गोऱ्या लोकांच्या कातडीचे असतात, आपल्या रंगावर आणि त्यातून तळपायाच्या जाड कातडीवर त्याचा भरवसा धरू नका. ॲप उडवलं. शून्य स्टार.

दुसरं, मावशी. मावशीचं म्हणणं चुना आणि खायचा सोडा कालवून टिकली एवढा लावायचा, जळून पडतो. नाकाजवळच्याला पण लाव म्हणाली. नाकाजवळचा म्हणजे आप्पांच्या नाकाच्या उजव्या बाजूला एक काळपट चमकदार मण्यासारखी चामखीळ होती, गेली चार-पाच वर्षं, दाढी करताना कधीमधी वस्तरा लागायचा आणि रक्त यायचं, मग तुरटी फिरवायची आणि विषय संपला. तिच्याकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. रोज समोर बसून जेवतो त्या चेहऱ्यावर होती म्हणूनच नव्हतं बहुतेक. मी रात्री दोनला तळपाय मोजत होते.

तिसरं, ऑफिसच्या रस्त्यावर एक लेझर-बिझरवालं चकाचक दुकान आहे, दुकानच म्हणते मी त्याला, बाहेर बोर्ड 5 तीळ 2999. आप्पांना घेऊन गेले. तिथे जी कोण होती तिने तळपाय लांबूनच बघितला, म्हणाली हा नॉर्मल आहे पण काढायचा तर काढू, आणि अंकलचा नाकाजवळचा पण त्याच पॅकेजमध्ये होऊन जाईल, दोन मिनिटांत जळतो, डागसुद्धा राहणार नाही. आप्पा तयार झाले होते! फुकटात चामखीळ जातीय म्हटल्यावर कोण सोडतं. पण मी तळपायासाठी आलेले आणि त्यावर तिने हात पण लावला नाही म्हणून मला राग आला आणि आम्ही उठून आलो. निव्वळ रागामुळे वाचलो, अक्कल वगैरे काही नव्हती त्यात.

मग एका मैत्रिणीने ह्या क्लिनिकचं सांगितलं. डॉक्टर मॅडम एमडी स्किन आहेत, तुम्ही पण हे बघून घ्या, बोर्डावर 'स्किन' लिहिलेलं सगळेच त्वचारोगतज्ज्ञ नसतात.

पहिलं इंप्रेशन खरं सांगू तर वाईट. भिंतीवर सगळीकडे ग्लो आणि हायड्रा आणि काय काय, चेहरा चकाकणाऱ्या बायकांचे फोटो. रिसेप्शनवाली मुलगी सगळ्यांना मॅम मॅम करते, आप्पांना सर म्हणाली तर आप्पांनी मागे वळून बघितलं की कोण साहेब आला. अपॉइंटमेंट 11 ची, नंबर लागला 12:25 ला. शुगरवाल्या माणसाला दीड तास बसवायचं म्हणजे बिस्किटपुडा जवळ ठेवा. पाणी आहे, टॉयलेट स्वच्छ आहे, एसी मात्र जीव घेणारा.

पण आत गेल्यावर सगळं वेगळं. मॅडम तरुण आहेत, पस्तिशीच्या असतील. मी लगेच सुरू केलं की तळपाय, 4 मिलिमीटर, आई म्हणते, आप्पा म्हणतात, तर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बघूया, पण एकच तीळ बघून मला काही कळत नाही, काकांचे बाकीचे तीळ कसे आहेत ते बघितल्यावर कळेल की हा त्यांच्या घरचाच आहे का परका आहे. आणि खरोखर पूर्ण बघितलं हो. शर्ट काढायला लावला, पाठ, मान, कानामागे, केसांमध्ये (म्हणजे जेवढे आहेत तेवढ्यात), तळहात, वीसच्या वीस नखं, पायाच्या बोटांच्या बेचक्या, तोंड उघडून आतून. आप्पा म्हणाले एसटीच्या मेडिकलला पण एवढं कुणी बघितलं न्हवतं. पाठीवर तीन खडबडीत काळपट मस होते, मेणाचा गोळा वाळून चिकटल्यासारखे, मला तेच आता भयानक वाटायला लागलेले, त्या म्हणाल्या हे वयाचे आहेत, साठीनंतर खूप जणांना येतात, काही करायची गरज नाही, खाज आली तर सांगा. एका वाक्यात तीन संपले.

मग तळपाय. स्पिरिटने पुसला, तरी आदल्या रात्रीच्या काशाचं काळं रेघांमध्ये होतंच, म्हणाल्या पुढच्या वेळी येण्याआधी चार दिवस वाटी बंद ठेवा. जेल लावलं आणि डर्मोस्कोप नावाचं एक हातातलं भिंग, त्याला स्वतःची लाईट असते, दहापट वगैरे मोठं दिसतं, आणि ह्यांच्याकडे ते स्क्रीनला जोडलेलं आहे त्यामुळे आम्हाला पण दिसत होतं. हा भाग मला सगळ्यात आवडला म्हणून नीट लिहिते.

तळपायाच्या आणि तळहाताच्या कातडीवर रेघा असतात ना, बोटाच्या ठशासारख्या, तर मोठं करून बघितलं की ते अगदी रान दिसतं. मॅडम म्हणाल्या हे बघा काका, हे उंच पट्टे आणि हे त्यांच्यामधले खोल पट्टे, आणि त्यांना पुढचा शब्द सापडेना तर आप्पाच म्हणाले, सरी-वरंबा हाय की ह्यो. मॅडम पण हसल्या, म्हणाल्या अगदी तेच. उंच पट्ट्यांवर म्हणजे वरंब्यावर पांढऱ्या बारीक ठिपक्यांची ओळ दिसते, ती घामाची भोकं, त्यावरून वरंबा कुठला आणि सरी कुठली ते ओळखायचं. आता तिळाचा तपकिरी रंग जर सरीमध्ये असेल, खोल रेघांमध्ये, तर तो साधा तीळ. रंग जर वरंब्यावर चढलेला असेल, जाड पट्ट्यांनी, तर ते वाईट, मग तुकडा काढून तपासावाच लागतो. आमच्या स्क्रीनवर तपकिरी बारीक बारीक समांतर रेघा होत्या, सगळ्या सरीत. आप्पा चष्मा नाकावर ओढून बघत होते, म्हणाले म्हंजे पाणी सरीतच हाय, वरंब्यावर न्हाई गेलं. मॅडम म्हणाल्या काका तुम्ही दुपारची ओपीडी घ्या माझी.

मला रडू आलं तिथे. बारा दिवस मी जे धरून बसले होते ते माझ्या डोळ्यासमोर, मला कळेल अशा भाषेत सुटलं. याआधी ज्याला दाखवलं त्याने 'काही नाही हो' म्हटलेलं, आमच्या फॅमिली डॉक्टरांनीसुद्धा, आणि 'काही नाही' ऐकून कुणाची काळजी गेलीय का? काय नाही ते दाखवा ना. मॅडमनी असंही सांगितलं की आपल्याकडे हा मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा कॅन्सर, मुळात खूप कमी होतो, गोऱ्या लोकांच्या मानाने फारच कमी, पण होतो तेव्हा पाठीवर-हातावर होण्यापेक्षा तळपायाला, तळव्याला, नखाखाली जास्त होतो, आणि तिथे कुणी बघत नाही, भेग समजून, काटा समजून, ठेच लागलेली समजून लोक उशिरा येतात. म्हणजे मी बघितलं ते काही येडेपणाचं नव्हतं. नखाबद्दल पण सांगितलं, नखात नवीन काळी उभी रेघ आली, रुंद व्हायला लागली किंवा तो काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला तर लगेच यायचं. मग पट्टी ठेवून तिळाचा फोटो काढला, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, खरं तर गरज नाहीये, हा फोटो काकांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

मी उठायला लागले. तर म्हणाल्या, बसा, आता नाकाचं बघू. कधीपासून आहे? रक्त येतं का? खपली धरते, पडते, परत धरते असं होतं का? आप्पा हो हो म्हणत गेले. काम काय करायचात? एसटी ड्रायव्हर. उजव्या बाजूला खिडकी ना काका? 31 वर्षं, उजव्या बाजूला खिडकी, कराड डेपोच्या गाड्यांना पूर्वी कुठली आलीय काच, ती उघडीच. मॅडमनी आप्पांचा चेहरा दोन्ही बाजूंनी वळवून मला दाखवला आणि मला पहिल्यांदा दिसलं की उजवा गाल डाव्यापेक्षा जास्त सुरकुतलेला आणि रापलेला आहे. 45 वर्षं मी ह्या माणसाची मुलगी आहे. त्या म्हणाल्या ह्यामुळेच झालं असं ठामपणे नाही म्हणता येत पण उन्हाचा ह्यात मोठा हात असतो.

भिंगाखाली ती चामखीळ चामखीळ नव्हतीच. निळसर-करड्या रंगाचे गोळे, पानांसारखे डाग, आणि वरून झाडाच्या फांद्यांसारख्या लाल बारीक शिरा. हे मला त्यांनी बोट ठेवून ठेवून दाखवलं. म्हणाल्या मला शंका आहे, तुकडा काढून तपासते. त्या दिवशीच केलं, भूल देऊन 3 मिलिमीटरचा पंच (गोल पात्याने छोटा तुकडा काढतात तो), एक टाका, दहा मिनिटं. मी त्यांना लेझरवाल्या दुकानाचं सांगितलं तर पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, जाळलं असतं तर तपासायला काही राहिलंच नसतं, वरची कातडी छान भरून आली असती आणि खाली ते वाढत राहिलं असतं. म्हणून परत एकदा सांगते, पार्लरमध्ये, ऑफरमध्ये, चुन्याने, घोड्याचा केस बांधून, कशानेही तीळ-चामखीळ काढायच्या आधी एकदा भिंगाखाली दाखवा, आणि काढलेला तुकडा तपासायला जातोय ना ते विचारा.

आता तक्रार. रिपोर्ट सहाव्या दिवशी आला, रात्री 9:40 ला, लॅबकडून डायरेक्ट व्हॉट्सॲपवर पीडीएफ. कुणाचा फोन नाही, काही नाही. भांडी घासत होते, हात पुसून उघडला, पिगमेंटेड बेसल सेल कार्सिनोमा. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. क्लिनिकचा फोन बंद. आप्पा बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होते मोठ्या आवाजात. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. सकाळी 8:30 ला मॅडमचा स्वतःहून फोन आला, त्यांनाही रिपोर्ट रात्रीच गेलेला पण त्यांनी सकाळी बघितला, सॉरी पण म्हणाल्या, पण ते अकरा तास मला कुणी परत आणून देणार नाही. पेशंटच्या आधी डॉक्टरने बघावं आणि मग पाठवावं एवढी साधी गोष्ट आहे, लॅबला सांगून ठेवा. एक स्टार इथेच गेला.

आईने त्या सकाळी फतवा काढला, ह्यांना कॅन्सर शब्द सांगायचा नाही. भावाचा पण फोन आला, नको सांगू, खचतील. मी पण कबूल केलेलं. क्लिनिकमध्ये मी आधी एकटी आत गेले आणि मॅडमना म्हटलं तेवढं सांभाळून घ्या. त्या म्हणाल्या, खोटं मी बोलणार नाही, पण घाबरवणार पण नाही, बोलवा त्यांना. आणि आप्पांसमोर सरळ सांगितलं, काका हा कॅन्सरच आहे, पण कॅन्सरात पण जाती असतात. हा जिथे असतो तिथेच राहतो, दुसरीकडे पसरणं फारच क्वचित, पण सोडून दिला तर हळूहळू पोखरत जातो, नाक खाईल, डोळ्याकडे जाईल, जुन्या डॉक्टरी पुस्तकांत ह्याला उंदराचं नाव होतं, रोडंट अल्सर, कुरतडतो म्हणून. पूर्ण काढला की बहुतेकांचं काम संपतं. खोलीत शांतता. आई पदर तोंडाला लावून. आप्पा थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले आणि म्हणाले, म्हंजे उंदीर हाय, वाघ न्हाय. मॅडम म्हणाल्या हो. म्हणाले मग काढा. एम80 चालवता येईल ना?

घरी येताना रिक्षात आईला म्हणाले, मला सांगायचं न्हवतं व्हय तुमी? आई काही बोलली नाही. मी पण नाही.

ऑपरेशन इथे होत नाही, मॅडमनी प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं, नाकाजवळचं म्हणून. हे पण मला आवडलं, स्वतः करून पैसे मिळवता आले असते. काठाला रोग राहू नये म्हणून भोवतीची चार मिलिमीटर चांगली कातडी पण सोबत काढली, आणि नाकाजवळ जागा कमी असते म्हणून गालाकडची कातडी सरकवून भरून घेतली. फक्त त्या जागेला भूल, आप्पा जागे होते, सर्जनशी ऊसाच्या दरावर बोलत होते म्हणे. तासाभरात बाहेर. मग परत तुकडा लॅबला, ह्या वेळी कडा बघायला, की काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत रोग गेलाय का. सातव्या दिवशी टाके काढले आणि त्याच दिवशी रिपोर्ट, कडा मोकळ्या. ह्या वेळी मी आधीच सांगून ठेवलेलं की मला व्हॉट्सॲप करू नका, फोन करा. केला.

पैसे, कारण सगळे तेच विचारतात. मला लागले ते सांगते, तुमच्याकडे वेगळे असतील. तपासणी 800, डर्मोस्कोपी 1000, पंच बायोप्सी 3500, लॅब 1400, ऑपरेशन सगळं धरून 32,000 आणि परत लॅब 2200. मेडिक्लेम होता पण ते हॉस्पिटल कॅशलेसमध्ये नव्हतं, कागद भरून नंतर क्लेम केला, बायोप्सी रिपोर्टची ओरिजिनल कॉपी जपून ठेवा, दोनदा मागितली.

रिसेप्शनवर निघताना 1150 चं सनस्क्रीन हातात ठेवतात, जणू प्रसादच. मी विचारलं हेच हवंय का, तर ती मुलगी म्हणाली मॅम डॉक्टरनी रेकमेंड केलंय. आत जाऊन मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या साध्या मेडिकलमधलं एसपीएफ 30 च्या वरचं कुठलंही चालेल आणि काकांसाठी त्याहून महत्त्वाची टोपी. आता टोपीचं असं आहे की आप्पांची टोपी म्हणजे गांधी टोपी, तिने टक्कल झाकतं, नाक नाही. मोठ्या काठाची हॅट आणली तर म्हणाले मला गोरा साहेब करायला निघालीस काय, शेवटी उसात जाताना डोक्यावरून टॉवेल पुढे ओढून घेतात, त्यावर तह झालाय. ज्याला एकदा हे झालं त्याला दुसरीकडे परत व्हायची शक्यता जास्त असते म्हणून दर सहा महिन्यांनी पूर्ण अंग दाखवायचंय, ते त्यांनी कबूल केलंय, पण ऊस तुटून गेल्यावरच म्हणे.

तीन महिन्यांनी तळपाय दाखवायला गेलो, चार दिवस वाटी बंद ठेवून. दोन फोटो शेजारी शेजारी लावले, जसाच्या तसा, रेघेला रेघ. मॅडमनी आईचे तळपाय पण बघितले त्याच फीमध्ये, आईने स्वतःहून मोजे काढले, तोंडाने काही म्हणाली नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पार्किंग नाही, रिक्षाने जा. लिफ्ट आहे पण दुपारी 2 ते 4 बंद ठेवतात आणि क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, गुडघेवाल्यांनी सकाळची वेळ घ्या. शनिवारी जाऊ नका, शनिवारी सगळा ग्लोचा बाजार असतो. नेलपॉलिश लावलेलं असेल तर काढून जा, नखं बघतात. आणि डर्मोस्कोपी करणार का हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, नाहीतर त्यासाठी परत वेगळी वेळ देतात, आमच्या पुढच्या काकूंना दिली.

4 स्टार. पाचवा लॅबवाल्यांनी परत आणून द्यावा.